गोमधली कारकीर्द किती वर्षं चालते? फुजिसावा शुकोंकडे पाहून दिलेलं उत्तर

प्रश्न असा आहे: तुम्ही ३६ वर्षांचे. शाळेपासून बुद्धिबळ खेळता, दोन वर्षांपूर्वी गो, म्हणजे काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी १९ बाय १९ रेघांच्या पटावर खेळायचा खेळ, शिकलात आणि आता दुसरं काही सुचत नाही. बुद्धिबळात गुकेश १८व्या वर्षी जगज्जेता झाला, तिशी ओलांडली की उतार लागतो असं सगळे म्हणतात. मग जपानमधल्या व्यावसायिक गो खेळाडूची कारकीर्द किती लांब असते, वय वाढलं की नेमकं काय हातातून जातं, आणि एकाच खेळाडूचे डाव अभ्यासायचे ठरवलं तर कोणाचे?

तिन्ही प्रश्नांना माझ्याकडे एकच नाव आहे: फुजिसावा शुको. त्यांचं मूळ नाव हिदेयुकी, पण त्याच अक्षरांचा दुसरा उच्चार शुको आणि जग त्यांना त्याच नावाने ओळखतं. मी २२ वर्षं गो खेळतोय. त्यातली ९ वर्षं नोकरीच्या निमित्ताने तोक्योत गेली. मी हौशी ४ दान आहे (दान म्हणजे खेळाडूचा दर्जा) आणि पुण्यात शनिवार-रविवारी मुलांना आणि मोठ्यांना शिकवतो. व्यावसायिक मी नाही, पण शुकोंचे डाव मी इतक्या वेळा पटावर मांडलेत की काहींच्या पहिल्या ६०-७० चाली हात आपोआप मांडतो.

आधी व्यवस्था समजून घ्या, नाहीतर त्यांच्या आयुष्यातल्या तारखा नुसत्या तारखा वाटतील. जपानमध्ये मुलं साधारण ९-१० वर्षांची असताना इन्सेई, म्हणजे शिकाऊ, म्हणून निहोन किइन किंवा कान्साई किइन या संस्थेत दाखल होतात. आपसात सतत स्पर्धा खेळतात आणि दरवर्षी त्यांच्यातले मोजकेच व्यावसायिक होतात. एकदा पहिला दान मिळाला की तो कोणी काढून घेत नाही. दान चढतो, उतरत नाही. ९ दान हे शिखर. सक्तीची निवृत्ती नाही. सुगिउची मासाओ ९७व्या वर्षी वारले, तेव्हा ते खेळणारे व्यावसायिक होते. बुद्धिबळातून आलेल्या माणसाला हे आधी खरंच वाटत नाही. तुमचं रेटिंग दर महिन्याला हलतं. तिथला जुना खेळाडू हरत असला तरी स्पर्धांच्या पात्रता फेऱ्यांत त्याची जागा असते.

पैसा मुख्यतः वर्तमानपत्रांकडून येतो. मोठ्या किताबांमागे एकेक वृत्तपत्र उभं असतं: किसेईमागे योमिउरी, मेइजिनमागे आसाही, होनिनबोमागे माइनिची. किताबाचा डाव पेपरात रोज थोडा थोडा छापला जायचा आणि लोक सकाळी चहाबरोबर पुढच्या दहा-बारा चाली वाचायचे. म्हणून दोन दिवस चालणारे, पहिल्या संध्याकाळी पुढची चाल लिफाफ्यात बंद करून ठेवण्याचे ते संथ सामने परवडत. हा संथपणा पुढे आपल्या कामाला येणार आहे.

शुको १९२५ मध्ये योकोहामात जन्मले, ९ वर्षांचे असताना इन्सेई झाले आणि १९४० मध्ये व्यावसायिक. घरात गो होताच. त्यांचा पुतण्या होसाई काकापेक्षा सहा वर्षांनी मोठा आणि काकाच्या आधी ९ दान झालेला. शुकोंचं नाव मात्र बराच काळ ‘चांगला खेळतो, पण’ या यादीत राहिलं. सुरुवातीच्या ५० चालींत जगात याच्या तोडीचा कोणी नाही असं म्हणायचे आणि लगेच पुढे जोडायचे की शेवटी घोडचूक करतो. जपानी गोमध्ये या घोडचुकीला ‘पोका’ म्हणतात. हाता-तोंडाशी आलेला घास घालवणं, बस्स. शुकोंच्या पोका प्रसिद्ध होत्या.

१९६२ मध्ये ते पहिले मेइजिन झाले, तेव्हा ३७ वर्षांचे होते. त्या विजयाची गोष्ट मी नव्या विद्यार्थ्यांना कोमी समजावताना सांगतो. १३ जणांची लीग होती, प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं. शुको शेवटचा डाव हरले आणि त्यांचे ९ विजय, ३ पराभव झाले. गो सेइगेन (इथे गो हे आडनाव) आणि साकाता एइओ यांचा डाव अजून चालू होता. काळा पहिली चाल करतो, म्हणून पांढऱ्याला भरपाई म्हणून काही गुण देतात. ती कोमी. आज तिच्यात अर्धा गुण असतो, म्हणून बरोबरी होत नाही. तेव्हा ती पूर्ण ५ होती, आणि डाव बरोबरीत सुटला तर तो पांढऱ्याचा विजय धरायचा, पण साध्या विजयापेक्षा कमी किमतीचा, असा नियम होता. गो सेइगेन पांढऱ्याने खेळत होते. डाव बरोबरीत सुटला. विजयांचा आकडा शुकोंइतकाच झाला, पण एक विजय कमी किमतीचा, म्हणून किताब शुकोंना. गो सेइगेन एका गुणानेही पुढे असते तर दोघांना पुन्हा खेळावं लागलं असतं. पुढच्याच वर्षी साकातांनी ४-३ असा तो किताब काढून घेतला. १९७० मध्ये शुकोंनी मेइजिन पुन्हा मिळवला, १९७५ मध्ये पहिला तेंगेन हा किताब जिंकला. होनिनबो मात्र त्यांना आयुष्यात कधी मिळाला नाही.

इथवरची कारकीर्द मोठ्या खेळाडूची आहे, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर देणारी नाही. ती खरी सुरू होते ५१व्या वर्षी.

मेइजिन स्पर्धा योमिउरीकडून आसाहीकडे गेली तेव्हा योमिउरीने किसेई हा नवा किताब सुरू केला. त्या काळातलं सर्वांत मोठं बक्षीस त्याला होतं. १९७७ च्या पहिल्या अंतिम सामन्यात शुकोंनी हाशिमोतो उतारो यांना हरवलं आणि मग सलग सहा वर्षं, १९८२ पर्यंत, किताब सोडला नाही. समोर आलेली माणसं बघा: काटो मासाओ, इशिदा योशिओ, रिन काइहो दोनदा, ओताके हिदेओ. रिन सोडले तर बाकी तिघे कितानी मिनोरूंच्या घरी राहून शिकलेले, शुकोंपेक्षा १७ ते २३ वर्षांनी लहान, आणि ते दशक त्यांचंच मानलं जाई. शुको त्या वर्षांत इतर स्पर्धांत खूप डाव हरत. वर्षात चार डाव जिंकले की झालं, असं ते म्हणत. किसेईच्या सातपैकी चार, एवढाच त्याचा अर्थ.

१९७८ चा सामना काटो मासाओंशी झाला. काटोंना लोक मारेकरी म्हणत, कारण मोठमोठे गट, म्हणजे एकत्र असलेल्या सोंगट्या, वेढून मारण्यात त्यांच्यासारखा कोणी नव्हता. शुको १-३ मागे पडले. पाचवा डाव हरला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. त्या डावात काळ्याच्या ९३व्या चालीवर शुको २ तास ५७ मिनिटं बसले. एका चालीवर. समोर काटोंचा पांढरा गट पसरला होता आणि प्रश्न एकच होता, तो पूर्ण मारता येतो का. गट मारायला जाणं म्हणजे परतीचा रस्ता तोडणं. एक फांदी हिशेबातून सुटली तर तो गट जगतो आणि तुमच्या भोवतालच्या सोंगट्या उघड्या पडतात. शुकोंनी फांद्या शेवटपर्यंत मोजल्या, चाल खेळली, आणि मारेकऱ्याचाच गट मेला. पुढचे दोन डावही जिंकून त्यांनी सामना ४-३ ने राखला.

वय ५२ होतं, हे लक्षात ठेवा. त्या वयात ‘हिशेब तरुणांचा, अनुभव म्हाताऱ्यांचा’ अशी जी सरधोपट वाटणी आपण करतो, ती या एका चालीने मोडून पडते. म्हाताऱ्याला हिशेब जमतो. रोज, प्रत्येक चालीला, दहा तास जमत नाही. वयाबरोबर माझ्या आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या खेळात जे घटताना मी पाहिलंय ते हेच. खोलवर मोजायची ताकद फारशी जात नाही. ती किती वेळा वापरता येते, तो आकडा घटतो. मग कुठे वापरायची हे कळणं फार मोलाचं होतं. जपानी भाषेत त्याला ‘ताइक्योकुकान’ म्हणतात, साऱ्या पटाकडे एका नजरेत पाहून इथे काय मोठं आहे ते ओळखणं. शुकोंनी ९२ चालींमध्ये वेळ राखून ठेवला आणि ९३व्या चालीवर तो ओतला. दोन दिवसांच्या सामन्यात हे शक्य होतं. तासाभराच्या सामन्यात झालं नसतं, आणि म्हणून मी वर वृत्तपत्रांबद्दल बोललो.

आता एक गोष्ट सरळ सांगतो, कारण ती गोड करून सांगितलेली मला आवडत नाही. शुको प्रचंड दारू प्यायचे. सायकल-शर्यतींवर जुगार खेळायचे, कर्जात बुडालेले असायचे आणि घरच्यांनी त्यांच्यापायी खूप सोसलं. किसेईच्या सामन्याआधी ते दारू सोडत, शरीर त्याचा सूड घेई, आणि तशा अवस्थेत ते पटावर बसत. तोक्योच्या गोकाइशोंमध्ये, म्हणजे जिथे तासाचे पैसे भरून गो खेळता येतो अशा खोल्यांत, म्हातारी मंडळी या गोष्टी कौतुकाने सांगायची. मी तरुण असताना मलाही त्या भारी वाटायच्या. आज वाटत नाहीत. ते व्यसनामुळे मोठे झाले नाहीत, व्यसन असूनही झाले. मुलांना शिकवताना मी हा भाग गाळत नाही आणि रंगवतही नाही.

१९८३ मध्ये आव्हानवीर होता २६ वर्षांचा चो चिकुन. शुको पहिले तीन डाव जिंकले. ३-० आघाडीवरून चोने सलग चार डाव घेतले आणि किताब गेला. त्याच वर्षी शुकोंच्या पोटाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली. त्या शेवटच्या चार डावांकडे मी आजही वेगळ्या नजरेने पाहतो. जाता जाता, याच चोचा जानेवारी १९८६ मध्ये मोटार अपघात झाला, दोन्ही पाय मोडले, आणि दहा दिवसांनी तो चाकाच्या खुर्चीतून किसेई राखायला बसला. तो सामना तो कोबायाशी कोइचीकडून हरला, पण खेळला. जपानी गोमधली ही पिढीच तशी होती.

शस्त्रक्रियेनंतर शुको संपले असं कोणी म्हटलं असतं तर ते तेव्हा वावगं वाटलं नसतं. पुढेही त्यांना कर्करोगाने पुन्हा गाठलं. आणि १९९१ मध्ये, ६६व्या वर्षी, त्यांनी हाने यासुमासांना हरवून ओझा किताब जिंकला. १९९२ मध्ये, ६७व्या वर्षी, तो राखला, तोही कोबायाशी कोइचीसमोर, जो त्या वेळी किसेई आणि मेइजिन दोन्ही होता. म्हणजे जपानमधला तेव्हाचा सर्वांत बलवान खेळाडू. इतक्या वयात मोठा किताब त्याआधी कोणी मिळवला नव्हता. १९९८ मध्ये ७३व्या वर्षी ते निवृत्त झाले. निवृत्तीनंतरही शांत बसले नाहीत. हौशी खेळाडूंच्या दान-प्रमाणपत्रांचे दर त्यांना अवाच्या सवा वाटत, म्हणून ते स्वतःच प्रमाणपत्रं देऊ लागले. निहोन किइनने १९९९ मध्ये त्यांना काढून टाकलं आणि २००३ मध्ये परत घेतलं. २००९ च्या मे महिन्यात ते गेले.

हे कसं जमलं? प्रतिभा हे उत्तर मला पुरत नाही. प्रतिभा साकातांकडेही होती आणि शुकोंच्या अनेक समकालीनांकडे होती. मला दिसतो तो फरक असा: शुको आयुष्यभर आपल्यापेक्षा लहान माणसांबरोबर अभ्यास करत राहिले. त्यांच्या अभ्यासगटात ज्यांच्याशी ते किताबासाठी लढायचे तेच तरुण यायचे. जे सापडलं ते लपवायचं नाही, पटावर ठेवायचं आणि सगळ्यांनी मिळून फोडायचं. आपल्या तालमीतला वस्ताद वय झालं की काठावर बसून डाव सांगतो. शुको साठीतही हौद्यात उतरत होते, आणि तरुणाने दाखवलेली चाल बरी असेल तर ती स्वीकारत होते.

ही दारं त्यांनी देशाबाहेरही उघडी ठेवली. १९८१ पासून ते पदरचे पैसे घालून, कर्ज असतानाही, तरुण जपानी खेळाडूंना घेऊन चीनला जाऊ लागले. तिथल्या खेळाडूंशी खेळायचे, त्यांचे डाव तपासून द्यायचे. निए वेइपिंगसारखे चिनी खेळाडू त्यांना गुरूसारखे मानत. मग पहिल्या जपान-चीन सांघिक सामन्यात १९८५ मध्ये काय झालं? निएने कोबायाशी कोइचीला हरवलं, काटोला हरवलं, आणि शेवटी जपानच्या बाजूने उरलेल्या ६० वर्षांच्या शुकोंनाही हरवलं. हरल्यावर शुको, काटो आणि कोबायाशी तिघांनी डोकी भादरून घेतली. तरी शुकोंचं चीनला जाणं थांबलं नाही. कोरियाचा चो हुनह्युन जपानमध्ये शिकत असताना शुकोंच्या हाताखाली घडला. १९८९ मध्ये त्याने पहिला इंग चषक ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली, अंतिम सामन्यात निएलाच हरवून. म्हणजे त्या चषकासाठी लढलेले दोघेही शुकोंकडून काही ना काही घेऊन गेलेले. जपानचं वर्चस्व संपवण्यात त्यांचा हात होता असं काही लोक म्हणतात. माझ्या मते गोसाठी याहून मोठं काम त्या शतकात थोड्यांनीच केलं.

एक किस्सा सांगतो, तो शुकोंच्या अभ्यासाबद्दल बरंच सांगून जातो. शोगीचे, म्हणजे जपानी बुद्धिबळाचे, व्यावसायिक खेळाडू सेरिझावा हिरोबुमी त्यांचे मित्र. आपल्या खेळाचं ज्ञान देवाकडे १०० असेल तर आपल्याकडे किती, हे दोघांनी कागदावर लिहायचं ठरलं. शुकोंनी लिहिलं ६. किताबांनी लदलेला माणूस स्वतःला ६ देतो, तेव्हा उद्या सकाळी पट मांडून बसायला त्याच्याकडे ९४ कारणं असतात.

आज हे पुन्हा घडेल का, हाही तुमच्या प्रश्नात दडलेला प्रश्न आहे. मला कठीण वाटतं. वृत्तपत्रांचा खप घसरला आणि त्याचे परिणाम थेट पटावर दिसतात. होनिनबोचा अंतिम सामना दोन-दोन दिवसांच्या सात डावांचा होता. तो आता एक-एक दिवसाच्या पाच डावांचा झालाय आणि विजेत्याचं बक्षीस २ कोटी ८० लाख येनवरून ८५ लाखांवर आलंय. वेळ कमी झाला की हिशेब जपून वापरण्याची म्हाताऱ्याची सोय कमी होते. शिवाय संगणकामुळे १५ वर्षांच्या मुलालाही सुरुवातीच्या ५० चालींत जगातलं सर्वोत्तम मार्गदर्शन घरबसल्या मिळतं, आणि शुकोंचं खास राज्य तिथेच होतं. इयामा युता २०व्या वर्षी मेइजिन झाला, शिबानो तोरामारू १९व्या वर्षी. शुकोंची नात रिना २०१० मध्ये ११व्या वर्षी व्यावसायिक झाली, तेव्हा तो लहान वयाचा विक्रम होता. पण इचिरिकी र्‍यो पाहा: सेंदाईच्या वृत्तपत्र चालवणाऱ्या घराण्यातला, स्वतः पत्रकार म्हणून काम करणारा, आणि तरी २०२४ मध्ये इंग चषक जिंकून १९ वर्षांनंतर जपानला मोठा आंतरराष्ट्रीय किताब मिळवून देणारा. दिवसभर फक्त गो केला तरच जमतं हा समजही अपुरा आहे.

तुम्ही व्यावसायिक होणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. ३६व्या वर्षी तो रस्ता बंद आहे. पण हौशी दानपर्यंतचा रस्ता पूर्ण उघडा आहे. तुमच्यासारखी बुद्धिबळातून आलेली माणसं मी शिकवली आहेत आणि त्यांची अडचण जवळजवळ सारखीच असते. तुम्ही मोजता चांगलं, पण सगळीकडे मोजता. एका कोपऱ्यात झुंज लागली की पटाच्या उरलेल्या तीन कोपऱ्यांकडे पाठ फिरवता. बुद्धिबळाने राजाभोवती नजर ठेवायला शिकवलंय. गोमध्ये राजा नाही. म्हणूनच तुम्हाला शुको सुचवतो, साकाता नाही आणि चो चिकुनही नाही. त्या दोघांच्या बारीक झुंजी पाहून तुमची खोड पक्की होईल.

त्यांचे किसेईचे डाव घ्या, १९७७ ते १९८३. पडद्यावर बटण दाबत पाहू नका. लाकडी पट नसेल तर पुठ्ठ्यावर १९ बाय १९ रेघा आखा, पण सोंगट्या हाताने ठेवा. दर डावाच्या पहिल्या ५० चाली मांडा आणि प्रत्येक दहाव्या चालीनंतर पुढची चाल स्वतः ठरवून वहीत लिहा, मग त्यांची पाहा. तुमची चाल शेजारच्याच झुंजीत असेल आणि त्यांची पटाच्या दुसऱ्या टोकाला, तर तिथे थांबा. ती का, हे एका वाक्यात लिहिता येईपर्यंत पुढे जाऊ नका. संगणकाला विचारायचं तर त्यानंतर. कधी कधी तो शुकोंची चाल कमी दर्जाची ठरवेल. तेही वहीत लिहा, पण स्वतःचं वाक्य खोडू नका. महिन्याला दोन डाव पुरेत. त्याहून जास्त केले तर पाट्या टाकणं सुरू होतं.

सुरुवात १९७८ च्या काटोंविरुद्धच्या पाचव्या डावापासून करा. ९२ चाली मांडून झाल्या की घड्याळ लावा. २ तास ५७ मिनिटं तुमच्याकडे नसतील, तर रविवारची ४० मिनिटं द्या. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पांढरा गट कुठून कुठून सुटू शकतो त्या सगळ्या वाटा वहीत काढा, मग ९३वी चाल स्वतः ठेवा. ठेवल्यावर मला कळवा, कुठे ठेवलीत आणि का.